अपत्य नाही

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. अंधेरीतल्या एका कॉलेजचा हॉल. टेबलावर टेपरेकॉर्डर. मॅडमनी बटण दाबलं आणि माझ्या आईचा आवाज आला.

"लग्न नाय झालं माझं. कोण करणार आमच्यासारखीशी."

मग मॅडमचा आवाज. "मग घरात हे कोण आहेत?"

"भाऊ. गावचा. कामाधंद्याला आलाय."

थोडी खरखर. भांड्याचा आवाज. आणि मागून माझा बाप. "गो, च्याय टाकलंस काय? माज्येत साखर कमी."

लोक हसले. मॅडमनी टेप थांबवली, त्याही हसत होत्या. दुसऱ्या रांगेतले एक दाढीवाले सर म्हणाले, "भाऊ फारच हक्कानं चहा मागतोय." परत हसू. या वेळी मोठं.

हसू ओसरल्यावर मॅडम म्हणाल्या, "पाहा, ही बाई धडधडीत खोटं बोलतेय. आणि तेही धड बोलता येत नाहीये. प्रश्न असा, की अशा साक्षीचं इतिहासकारानं करायचं काय?"

मी पहिल्या रांगेत टोकाला बसले होते. मांडीवर कॅसेटींचा डबा. कुठली कॅसेट कधी पुढे करायची, ते माझं काम. शेजारची मुलगी माझ्याकडे बघून हसली, म्हणून मीही हसले. हे लिहून ठेवते. मी हसले.

सगळ्यांच्या हातात सायक्लोस्टाइल केलेला कागद होता. क्रमांक नऊ. वय अंदाजे पन्नास. औषध कंपनी, पॅकिंग खातं. अविवाहित. अपत्य नाही.

तो कागद मीच टाइप केला होता.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. गावच्या वाडीतली पहिली मुलगी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. बापाला सही येते. आईला सही येते आणि कॅलेंडर वाचता येतं. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले, मग एम.ए. झाले, पहिल्या वर्गात. दिंडोशीच्या टेकडीवर बैठ्या चाळीतल्या एका खोलीत, नळाची भांडणं ऐकत झाले. कुणाची मेहरबानी नाही.

बाप गिरणीत होता. संप झाला, मोडला, बाप घरी बसला. पण आमचं घर त्याच्याही आधीपासून आईवर चाललेलं. आई कांदिवलीला गोळ्यांच्या कंपनीत. बेल्टवरून गोळ्यांच्या स्ट्रिपा येत राहतात. एखाद्या खळग्यात गोळी नसली, तुटकी असली, तर ती स्ट्रिप झटकन उचलून बाजूला टाकायची. दिवसभर तेवढंच. आई झोपेतसुद्धा डोळे डावीकडून उजवीकडे फिरवते, असं बाप म्हणायचा.

कंपनीचा एक नियम होता. पोरी घ्यायच्या, बाया नाही. लग्न झालं की नोकरी संपली. आई अर्ज भरायला गेली तेव्हा तिच्या लग्नाला चार महिने झाले होते. अर्जावर तिनं कुमारी लिहिलं, आणि माहेरचं नाव. ती एकटीच नव्हती. खात्यातल्या निम्म्याअधिक तशाच.

मंगळसूत्र डब्याच्या वरच्या कप्प्यात, फडक्यात बांधून. कुंकवाचं, सवाष्णीच्या ठसठशीत कुंकवाचं, त्यांनी वेगळं ठरवलं होतं. सकाळी घरातून निघताना लावायचंच नाही. लावलेलं पुसायचं मात्र नाही. नवरा जिवंत असताना कपाळाचं कुंकू आपल्या हातानं कोण पुसतं? तेव्हा सकाळी कपाळ कोरं, आणि संध्याकाळी सुटल्यावर लावायचं. कंपनीच्या पुढच्या वळणावर पिठाची गिरणी होती. तिच्या मागच्या भिंतीआड सगळ्या थांबायच्या. आरसा कुणाकडे नसायचा, म्हणून एकमेकींना लावायच्या. घाईघाईत. "थांब गं, वाकडं झालं." "बस येतेय बघ, आवर." त्यांच्यात दोघीतिघी विधवा होत्या. त्या स्वतः लावून घेत नसत, पण दुसरीला लावायच्या. घरी, गावाला कुणी त्यांचा हात कपाळाला लागू दिला नसता. गिरणीमागे चालायचं.

पोटात पोर असलं की सहा महिन्यांपर्यंत कंपनीच्या ढगळ गाऊनमध्ये झाकायचं. मग कावीळ व्हायची. डॉक्टरचा कागद, गावाला जायचं, चार महिन्यांनी पिवळं तोंड करून परत. कंपनीच्या दप्तरात माझ्या आईला दोनदा कावीळ झालेली आहे. एक मी, एक माझा भाऊ.

कंपनी काही खुळी नव्हती. वेल्फेअरची म्हणून एक बाई होती. ती हातात फाइल घेऊन घरी यायची, अचानक. कशा राहता, पाणी येतं का, विचारायची, आणि डोळे भिंतीवर फिरवायची. ती चाळीच्या तोंडाशी दिसली की निरोप पुढे पळायचा. लग्नाचा फोटो पेटीत. मंगळसूत्र पोलक्यात, पदर कपाळावर ओढलेला. आमचे कपडे शेजारी. आम्हीही शेजारी. बाप मामा व्हायचा.

मला शिकवलं होतं, घरात आये, बाहेर मावशी. सात-आठ वर्षांची असताना दसऱ्याच्या पूजेला आई मला कंपनीत घेऊन गेली. मशिनला झेंडूचे हार होते, पेढे वाटत होते. गर्दीत हात सुटला आणि मी ओरडले, "आये." सुपरवायझर वळला. आईनं माझ्या मुस्काटात मारली. म्हणाली, "बहिणीचं पोर आहे. सगळ्यांनाच आई म्हणतंय." सुपरवायझर हसला, मला पेढा दिला. मी खाल्ला. त्यानंतर मी बाहेर कधी चुकले नाही.

पुढे तो नियम उठला, कोर्टानं उठवला असं बाया म्हणत. पण अर्जावर लिहिलेलं कसं उठणार? एकीनं भाबडेपणानं जाऊन सांगितलं, साहेब, आता चालतं ना, माझं लग्न झालेलं आहे. तिला खोटी माहिती दिली म्हणून काढलं. मग कुणी तोंड उघडलं नाही. ज्या कुमारी होत्या त्या कुमारी राहिल्या. मुलं मॅट्रिकला गेली तरी.

आता मॅडमचं. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर हे लिहायला सोपं गेलं असतं. इतिहासाच्या प्राध्यापक, नाव मोठं. मोर्च्यात चालायच्या, संपात बायांबरोबर गेटवर बसल्या होत्या. कामगारांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कामगार बाई कधी बघितलीच नाही, असं त्या म्हणायच्या, आणि ते खरं होतं. एम.ए.नंतर त्यांनी मला हाताखाली घेतलं. जुनं दप्तर कसं वाचायचं, हजेरीबुकातून माणूस कसा शोधायचा, ते मला त्यांनी शिकवलं. माझी पीएच.डी. त्यांच्याकडेच व्हायची होती. आणि मुलुंडच्या एका कॉलेजात लेक्चररची जागा निघणार होती, तिथे त्या माझ्यासाठी पत्र देणार होत्या. त्या पत्रावर आमच्या घराचे डोळे होते. आईची उभं राहण्याची ताकद संपत आली होती.

मॅडमचा विषय, औषध कंपन्यांतल्या कामगार स्त्रिया. बाया शोधायचं काम माझं. मी एकूण तेरा शोधल्या. कुठे कांदिवलीला, कुठे गोरेगावला. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी दारं उघडली, आईची पोर म्हणून. मॅडमना वाटायचं, मला माणसं जोडता येतात.

आठ झाल्या तेव्हा एक दिवस त्या म्हणाल्या, "अजून हव्यात. तुझ्या माहितीत कुणी?"

माझ्या तोंडून आलं, "माझी एक मावशी आहे."

मी ठरवून बोलले नाही. बाहेर विचारलं की मावशी, एवढीच सवय. पण नुसती सवय होती असं म्हटलं तर तेही खोटं. मॅडमच्या घरी मी जेवले होते. त्यांच्या आईचा तरुणपणचा फोटो बघितला होता, टेनिसची रॅकेट हातात. मावशी म्हटल्यावर मला थोडं बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

आईला मी सांगितलं, "कॉलेजची बाई आसा. कंपनीची नाय. घाबरा नको."

आई तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "फाइल आसा तिच्या हातात?"

"आसा."

"मगे एकच."

मॅडम आल्या तेव्हा भिंतीवर लग्नाच्या फोटोच्या जागी चौकोनी डाग होता. मी तो बघितला आणि मला कळलं, आता काय होणार. तरी मी टेपरेकॉर्डर मांडला, बटण दाबलं. नाव. वय. कंपनीत किती वर्षं. मग मॅडमनी चष्मा वर केला. "लग्न?"

आईनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग सुरू झाली. तीच वाक्यं, जी ती वेल्फेअरच्या बाईला सांगायची. त्याच क्रमानं.

"मुलं?"

"लग्नच नाय तर मुलं कुठून."

मी कॅसेटची चकती फिरताना बघत होते. बाप कोपऱ्यात मामा होऊन बसला होता. कितीतरी वर्षांनी त्याच्यावर ही पाळी आली होती, त्याची सवय मोडली होती, म्हणून त्यानं चहा मागितला.

रात्री कॅसेट ऐकत मी कागदावर उतरवलं. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या ऑफिसात मराठी टाइप केलं, मग इंग्रजी. सिंगल. नो चिल्ड्रन. बोटं थांबली नाहीत. मला तेव्हा काहीच झालं नाही. दाढ काढताना सुई दिली की गाल कुठे आहे तेच कळत नाही, तसं.

हॉलमधलं संपल्यावर मागे चहा होता, वेफर्स होते. मॅडम दोघातिघांशी बोलत होत्या. मी जाऊन उभी राहिले. ते गेल्यावर म्हटलं, "मॅडम, नऊ नंबर माझी आई आहे."

"काय?"

"मावशी नाही. आई. आणि तो भाऊ माझा बाप."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. त्यांनी मला जवळ घेतलं. माझे हात खाली लोंबत राहिले. मी त्यांना नियमाचं सांगितलं, अर्जाचं, डब्यातल्या मंगळसूत्राचं. त्या ऐकत गेल्या, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. मी तो चेहरा ओळखत होते. जुन्या कपाटात कुणी न बघितलेलं दप्तर सापडलं की तसा व्हायचा.

"अगं, हे सोनं आहे," त्या म्हणाल्या. "आधी का नाही सांगितलंस? परत रेकॉर्ड करू. सगळं खरं. तिच्या खऱ्या नावानं. आणि एक फोटो हवा. कंपनीचं गेट मागे, आणि ती मंगळसूत्र काढतेय."

"तिची नोकरी जाईल."

"जात नाही अशी. कायदा आहे. आणि काढलंच तर केस करू ना आपण. अगं, देशभर गाजेल."

"तिची अजून आठ-दहा वर्षं आहेत, मॅडम."

"तू विचार तर तिला. तिच्या वतीनं तू का घाबरतेस?" मग पर्स उघडता उघडता म्हणाल्या, "आणि हो, मुलुंडचं पत्र मी याच आठवड्यात लिहितेय."

त्यांनी ते जोडून म्हटलं नव्हतं. त्या तशा बाई नव्हत्या. पण मी जोडलं. आमच्यासारख्यांना जोडता येतं.

आणि मी विचारलं. ही करणी माझी. दुसऱ्या कुणाची नाही. घरी येऊन, जेवणं झाल्यावर, भांडी घासता घासता मी आईला सगळं सांगितलं. बाईचं म्हणणं काय, फोटो कसला. पत्राचंही सांगितलं. पत्राचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

आई म्हणाली, "तुजी नोकरी होतली?"

"होतली बहुतेक."

तिनं टोप पालथा घातला. "मगे सांग तेंका येवक."

 बाप उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला.

रविवारी सुट्टी, म्हणून रविवार ठरला. मॅडम, त्यांचा एक फोटोग्राफर, मी आणि आई. पिठाच्या गिरणीमागे. तिथून कंपनीचं गेट तिरकं दिसतं. आईनं बरं लुगडं नेसलं होतं, फोटो म्हणून. मॅडमनी बघितलं आणि विचारलं, "रोज हेच नेसता?" आई म्हणाली, "नाय बाई, ह्या लग्नाकार्याचा." मॅडम म्हणाल्या, "असो."

आईनं गळ्यातून मंगळसूत्र काढलं. फोटोग्राफरनं खटखट केलं. म्हणाला, "मावशी, परत एकदा. चेहऱ्यावर जरा भीती दिसू दे. कोणी बघतंय का, असं."

आई म्हणाली, "कोण बघतला? आज सुट्टी आसा."

"समजा बघतंय."

आईनं गळ्यात घातलं, परत काढलं. मान वळवून गेटकडे बघितलं. तिला नाटक येत नाही. जन्मभर ते केलं, पण सांगून करायला येत नाही. तिसऱ्यांदा काढलं. फडक्यात बांधलं. डब्यात ठेवलं. मी बाजूला उभी होते, मॅडमची पर्स माझ्या हातात होती. मला काही वाटत नव्हतं. मी मुलुंडचा पत्ता मनात म्हणत होते.

मग मॅडम म्हणाल्या, "आणि आता कुंकू पुसा. एकदाच. पदरानं."

आई थांबली.

मॅडमनी जरा मऊ आवाजात परत सांगितलं. "रोज पुसायच्या तसंच."

आईनं मॅडमकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि कपाळाकडे नेलं.

मला कुंकवाचं काही नाही. मी लावत नाही, पुढेही लावणार नाही. पण या बायांनी एवढी वर्षं कंपनीला फसवलं, वेल्फेअरला फसवलं, पोटातली पोरं लपवली, पोटच्या पोरांना बहिणीची सांगितली, आणि त्या सगळ्यात एक गोष्ट केली नव्हती. ती करू नये म्हणून दिवसभर कोऱ्या कपाळानं फिरल्या होत्या. कंपनीला जे जमलं नाही ते आता होणार होतं. फोटोसाठी. माझ्या पत्रासाठी.

मी पर्स खाली ठेवली. मातीत. आणि आईचं मनगट धरलं.

"नाही," मी म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, "काय झालं?"

"पुसायच्या नाहीत त्या. सकाळी लावायच्याच नाहीत. चौदा बायांना भेटलात तुम्ही. एकीलाही हे विचारलं नाहीत."

"बरं, मग नको पुसू दे. माझी चूक. नुसती कुंकवाची डबी हातात—"

"डबी नाही. फोटो नाही. तो रोल द्या मला. आणि नऊ नंबरची कॅसेट मी परत आणणार नाही."

फोटोग्राफर मॅडमकडे बघायला लागला. मॅडमचा आवाज खाली आला. त्या रागावल्या की हळू बोलतात. "ती तयार आहे. मोठी बाई आहे, तिला कळतं. तिच्या वतीनं नाही म्हणणारी तू कोण?"

"मुलगी. तुमच्या कागदावर नाही ती."

आई हळूच म्हणाली, "बाय, नोकरी..."

"जाऊंदे."

मॅडम म्हणाल्या, "तुला कळतंय का तू काय करतेयस? तू तिला इतिहासातून पुसून टाकतेयस."

 मी हात पुढे करून उभी राहिले.  शेवटी फोटोग्राफरनंच कॅमेरा उघडला. म्हणाला, "मॅडम, द्या ना, कशाला उगाच." रोल माझ्या हातावर ठेवला.

तुम्हाला वाटेल, आईनं मला जवळ घेतलं. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. उतरल्यावर म्हणाली, "तुका कोणी सांगितला मधी पडाक? माका चलतला होता." घरी येऊन लुगडं घडी करून ठेवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिनं मनाशी सौदा केला होता आणि मी तो मोडला. तिच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता.

सगळ्या कॅसेटी माझ्याकडे होत्या, हॉलमधून डब्यासकट घरी आणलेल्या. पुढचा महिना मी त्या घेऊन दारोदार फिरले. शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर पिशवीत. प्रत्येकीला तिचा आवाज ऐकवला आणि विचारलं, ही त्या बाईंना देऊ का? हे आधी विचारायचं असतं, मला कुणी शिकवलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. गोरेगावच्या एकीनं स्वतःचं दोनदा ऐकलं, म्हणाली, "झकास बोललेय की गं मी. दे खुशाल." एकीनं सासूबद्दल बोललेलं तेवढं खोडायला लावलं. एकीनं कॅसेट हातात घेतली, आतली टेप बोटानं ओढून ओढून सगळी बाहेर काढली, लोकरीसारखा गुंडा केला आणि चुलीत घातला. वास खूप आला. मग तिनं मला पोहे दिले.

ज्यांनी हो म्हटलं त्यांच्या कॅसेटी मी मॅडमच्या ऑफिसात पोचवल्या. मॅडम बाहेर आल्या नाहीत. शिपायानं पोचपावती दिली.

मुलुंडला मुलाखत झाली. समोर एक कागद होता, तो बघत चेअरमन म्हणाले, "तुमच्या मार्गदर्शकांनी तुमच्या मेहनतीबद्दल चांगलं लिहिलंय. पण त्या म्हणतात, संशोधकाला विषयापासून जे अंतर लागतं ते तुमच्याकडे नाही."

"खरं आहे," मी म्हटलं.

 मी पुढे काहीतरी सांगेन, अशी ते वाट बघत होते. मी सर्टिफिकेटांची फाइल उचलली. जागा दुसऱ्याला गेली.

तीन वर्षं मी बोरिवलीला एका क्लासात दहावीच्या पोरांना इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. एका वर्गात ऐंशी पोरं, खडू स्वतःचा. आई तशीच उभी राहत होती, आणि मी रोज ते बघत होते. माझ्या नाही म्हणण्याची किंमत तिनं दिली. मी कुणाला सांगत नाही की तो माझा पराक्रम होता. मग घाटकोपरच्या कॉलेजात हंगामी जागा मिळाली, पुढे कायम झाली. पीएच.डी.ला दुसरे सर मिळाले. विषय मी बदलला नाही. कंपन्यांतल्या बाया. मॅडमचं पुस्तक आलं, मी विकत घेतलं. चांगलं आहे. त्यात नऊ नंबर नाही. आठनंतर दहा आहे.

गेल्या वर्षी कंपनीनं पॅकिंग खातं उचलून गुजरातेत नेलं. बायांना घरी बसवलं. निरोपाच्या दिवशी आईला फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मिळालं, कुमारी अमुक अमुक यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल. बापानं ते भिंतीवर लावलं, लग्नाच्या फोटोशेजारी. आता येणाराजाणारा बघतो आणि विचारतो. आई सांगते. आता तिचं कुणी काही वाकडं करू शकत नाही, म्हणून सांगते.

त्यानंतर एक दिवस तीच म्हणाली, "तू लिवणार होतंस मा? मगे लिव आता."

म्हणून हे लिहिलं. मराठीत, कारण तिला वाचून दाखवायचं होतं. तीन दुपारी बसून वाचलं. ती मासे साफ करत ऐकायची. हॉलमध्ये लोक हसले ते मी तिला आजवर सांगितलं नव्हतं. ते आलं तेव्हा तिचा विळीवरचा हात थांबला. मग म्हणाली, "फुडे वाच." मॅडमबद्दल म्हणाली, "येवढा नको गो लिवू, ती बाई वायट नव्हती." मी म्हटलं, तेही लिहिलंय.

दोन जागी तिनं सांगितलं, "ह्या काढ."

एक जागा मी लगेच काढली. दुसरीसाठी भांडले. अर्धा तास भांडले. इतिहास शिकवणारी म्हणून सांगते, ती दोन पानं या सगळ्यातली सगळ्यात मोलाची होती. ती वाचून कुठल्याही विद्वानानं मला जवळ घेतलं असतं. मी आईला ते समजावलं. पुरावा म्हणजे काय, दप्तरात जे नाही ते असंच मिळतं, वगैरे. तिनं ऐकून घेतलं.

"काढ," ती म्हणाली.

मी काढली. तिच्यासमोर फाडली.

माझ्या विद्यार्थ्यांना आता हाच नियम. जिचं आहे तिला आधी वाचून दाखवायचं. ती काढ म्हणाली तर काढायचं, प्रबंध लंगडा झाला तरी. ज्याला हे मान्य नाही त्यानं दुसरा मार्गदर्शक बघावा. दोघं गेले. जाऊ देत.

त्या दोन जागी काय होतं, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. मोठ्या मोठ्या माणसांनी. मला माहीत आहे, आणि मी सांगणार नाही.